फोनवर बोलायला काहीतरी पाहिजे

नमस्कार सर. तुमचा प्रश्न थोडक्यात असा. माण तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा, तुमच्याकडं तिसरी-चौथी, पट एकवीस. निम्म्या मुलांचे वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यात परराज्यात, काहींची आईसुद्धा तिकडंच, मूल इथं आजी-आजोबांकडं. पालकसभेला चार-पाच बायका येतात आणि "आमाला काय कळतंय, तुमीच बघा" म्हणून उठतात. वर्गाचा ब्लॉग सुरू केला तर हे पालक शाळेशी जोडले जातील, की आपल्या डोक्यावर आणखी एक काम बसेल?

मी विट्याच्या बाजूला अशाच शाळांमधून बावीस वर्षं शिकवतेय आणि त्यातली नऊ वर्षं वर्गाचं पान नेटवर चालवतेय. पालक जोडले जातात, हे मी खात्रीनं सांगते. पण पहिल्या दोन वर्षांत माझ्या पानामुळं एकही पालक जवळ आला नव्हता. ते का, हे आधी सांगते, कारण नव्यानं सुरू करणारे बहुतेक जण तिथंच अडकतात.

2015 नंतर आपल्याकडं 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द आला आणि शाळाशाळांचे ब्लॉग निघाले. मीही काढला. त्यात काय असायचं? "आज आमच्या शाळेत वृक्षारोपणाचा कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला. अध्यक्षस्थानी अमुक होते." खाली फोटो, फोटोत पाहुणे खुर्चीवर आणि मुलं मागं उन्हात उभी. केंद्रप्रमुखांनी कौतुक केलं. पालकांपैकी कुणी उघडूनही पाहत नव्हतं, आणि त्यांनी का पाहावं? त्यात त्यांचं मूल कुठं होतं? मी ते पान वरच्या लोकांना दाखवायला लिहीत होते.

तिसऱ्या वर्षी पावसानं रस्ता दाखवला. परिसर अभ्यासात पाऊस मोजायचा म्हणून आम्ही थंड पेयाची दोन लिटरची बाटली घेतली, वरचा निमुळता भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा आत बसवला, तळाच्या खाचा बुजाव्यात म्हणून खडे आणि थोडं पाणी घातलं आणि तिथं शून्याची खूण केली. सरळ भिंतीच्या भांड्यात जेवढं मिलिमीटर पाणी चढतं तेवढा पाऊस. तोंड रुंद असो की अरुंद, फरक पडत नाही. हे मुलांना पटवायला एक अख्खा तास गेला, पण तो तास मला आजही आवडतो. सप्टेंबरात एका रात्री चांगला पाऊस झाला. सकाळी पोरं दप्तरं टाकून आधी बाटलीकडं पळाली. 18 मिलिमीटर. त्या दिवशी जिची लिहायची पाळी होती त्या मुलीनं चार ओळी लिहिल्या, त्या मी जशाच्या तशा पानावर टाकल्या:

"काल रात्री 18 मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या घरात दोन जागी गळलं. ओढ्याला गढूळ पाणी आलंय पण पुलाला लागलं नाही. आज्जी म्हणाली आता शाळू पेरायला वाफसा बघायला पाहिजे."

त्या संध्याकाळी कोइमतूरहून फोन आला. दोन वर्षांत ज्यांचा आवाज मी ऐकला नव्हता ते एका मुलाचे वडील. "बाई, 18 मिलिमीटर म्हंजी किती वं? ताली भरल्या का?" ताली म्हणजे शेताचे मोठे बांध. मला उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न फळ्यावर लिहिला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकर म्हणजे साधारण 4,047 चौरस मीटर. मुलांनी गुणाकार केला, 72,846 लिटर आले, म्हणजे दहा हजार लिटरचे सात टँकर, वर थोडं. ज्या पोरांनी उन्हाळ्यात टँकरमागं घागरी घेऊन धावाधाव केलीय, त्यांना ते सात टँकर लगेच डोळ्यांपुढं दिसले. आम्ही उत्तर पानावर टाकलं. मग तामिळनाडू, केरळ, पंजाब, कुठून कुठून विचारणा यायला लागल्या. आपला भाग पर्जन्यछायेतला, गावाबाहेर गेलेल्या माणसाचा घरी फोन लागला की पहिला प्रश्न पावसाचा. तो प्रश्न आता तो आपल्या मुलाला विचारायला लागला.

माझ्या दृष्टीनं सगळं मर्म इथं आहे, म्हणून जरा थांबून सांगते. बाहेरगावच्या बापाचा आणि मुलाचा फोन तुम्ही कधी शेजारी बसून ऐकलाय का? "जेवलास का?" "हूं." "शाळंत गेलतास का?" "हूं." "अभ्यास कर. आज्जीकडं दी फोन." दीड मिनिटात संपतो. बापाला माया नाही असं नाही, विचारायला काही हाताशी नसतं. मूल दिवसभर काय पाहतं, कशाला हसलं, कशाला घाबरलं, हे त्याला ठाऊक नाही आणि मुलालाही आपण होऊन सांगायचं सुचत नाही. पानावर मुलाच्या चार ओळी असल्या की बाप विचारतो, "वड्याला पाणी आलं म्हणतोस, मग पल्याडच्या वस्तीवरची पोरं कशी आली?" आणि पोरगं सांगायला लागतं. म्हणून पानावर काहीही टाकण्याआधी मी स्वतःला एवढंच विचारते: हे वाचून घरातलं कुणी या मुलाला एक प्रश्न विचारेल का? विचारणार नसेल तर ते टाकत नाही. 26 जानेवारीच्या भाषणाचे फोटो या चाळणीतून कधीच पडत नाहीत.

यातूनच पुढं जे घडलं त्याची मला कल्पना नव्हती. वर्गात एक मुलगा म्हणाला, "माझे पप्पा सोनं उकळतात." बाकीची हसली. मी पानावर प्रश्न टाकला: सोनं शुद्ध कसं करतात, आम्हाला सांगाल का? तीन वडिलांचे आवाजी निरोप आले. एक तर साडेसहा मिनिटांचा होता, मागं बर्नरचा आवाज. जुन्या सोन्यात आधी चांदी घालून मुशीत वितळवायचं, त्याचा पातळ पत्रा करायचा, तो नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचा. चांदी ॲसिडमध्ये विरघळते, सोनं तळाशी तपकिरी भुकटीसारखं राहतं, ती धुऊन पुन्हा वितळवली की पिवळं धमक. आणि विरघळलेली चांदी वाया जात नाही, त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदी परत खाली बसते. आम्ही तो निरोप चार वेळा थांबवत थांबवत ऐकला आणि मुलांनी लिहून काढला. शेवटी ते म्हणाले होते, "पोरान्नो, त्याचा तांबूस धूर निघतो, तो छातीत गेला की लई खोकला येतो. म्हणून खिडकी उघडी ठेवाया लागती."

त्यांच्या मुलानं त्या रात्री फोनवर विचारलं, "पप्पा, तुम्ही खोकता का?" हे मला त्याच्या आजीनं सांगितलं, दुसऱ्या दिवशी, शाळेच्या फाटकात उभं राहून. जो माणूस "मी अडाणी, मला शाळेतलं काय कळतं" म्हणत होता, त्यानं त्या दिवशी माझ्या वर्गाला असं काही शिकवलं जे मला स्वतःला येत नव्हतं. पुढच्या दिवाळीत ते गावी आले तेव्हा कसोटीचा दगड घेऊन शाळेत आले आणि मुलांना पितळेची आणि सोन्याची रेघ ओढून दाखवली. पालकसभेला मी त्यांना कधीच आणू शकले नसते.

तुम्हाला वाटेल, हे मोबाईलमुळं निघालेलं नवं खूळ आहे. तसं नाही. 1924 साली दक्षिण फ्रान्समधल्या एका खेड्यात सेलेस्तँ फ्रेने नावाच्या प्राथमिक शिक्षकानं वर्गात हातानं चालवायचा छोटा छापखाना आणला. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जखम झाली होती, वर्गात फार वेळ बोलणं त्याला झेपत नसे. मुलं गावात फिरून यायची, पाहिलेलं सांगायची, अक्षरांचे खिळे जुळवून छापायची, ती पानं घरोघर जायची. पुढं त्यानं ब्रिटनीतल्या, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या, समुद्राकाठच्या एका शाळेशी पानांची अदलाबदल सुरू केली. आपण करतोय ते तेच. खिळ्यांऐवजी मोबाईल आहे, एवढंच.

आता रोजचं कसं चालवायचं. माझ्या वर्गात दोन मुलांची पाळी असते. ती दिवसभरात पाहिलेलं किंवा शिकलेलं पाच ओळींत लिहितात, शाळा सुटायच्या आधी वर्गापुढं वाचतात. शुक्रवारी सगळी मिळून आठवड्यातली दोन किंवा तीन निवडतात. मी निवडत नाही, फक्त एवढं पाहते की महिन्याभरात प्रत्येक मुलाचं काहीतरी गेलंच पाहिजे. हुशार चार मुलांचंच लिखाण दिसायला लागलं की बाकीच्या घरांनी पान उघडणं बंद केलंच म्हणून समजा. ज्याला लिहिता येत नाही त्यानं सांगायचं आणि जोडीदारानं लिहायचं. टंकायला मला वेळ लागायचा, हल्ली मुलगा वाचतो आणि फोन मराठीत लिहून घेतो, मग चुका आम्ही दोघं मिळून सुधारतो. आठवड्याला सगळा मिळून पाऊण तास जातो, आणि तो मराठीच्या तासातच बसतो, कारण हे मराठीच आहे. हे काम शाळा सुटल्यावर घरी नेलंत तर दिवाळीपर्यंत सोडून द्याल.

शुद्धलेखन मुलाबरोबर बसून नीट करावं. मुलाचा शब्द मात्र बदलू नये, याबाबत मी हट्टी आहे. एका पोरीनं लिहिलं होतं, "वगळीच्या कडंचं कवळं कडवाळ आमच्या शेरडानं खाल्लं आणि त्याला किराळ लागलं." मी 'ओहोळ', 'कोवळी ज्वारी', 'शेळी', 'विषबाधा' असं करू लागले आणि थांबले. ते वाक्य तिच्या आजीचं होतं. तसंच ठेवलं म्हणून पलीकडच्या आळीतली एक म्हातारी आपण होऊन शाळेत आली, ओसरीत बसली आणि कोवळ्या कडवाळाला जनावर का सोडायचं नाही, हे पोरांना पाऊण तास सांगत राहिली. जतकडच्या एका बाईंच्या वर्गात घरी कन्नड बोलणारी मुलं आहेत. त्या पानावर कन्नड शब्द येऊ देतात आणि खाली मुलांकडूनच मराठी अर्थ लिहून घेतात. ही रीत मला फार आवडली.

ज्यांच्या घरात मोठा फोन नाही त्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते आधी ठरवा. नाहीतर ज्या घरांना आपली सर्वांत जास्त गरज, तीच बाहेर राहतात. आमच्या गावात सगळ्यांची रोज दोनदा गाठ पडते ती दूध संकलन केंद्रावर. तिथल्या फॅटच्या मशीनशेजारी एक फळी रिकामी होती. चेअरमनना विचारून तिथं आठवड्याचं पान मुलाच्या हस्ताक्षरात चिकटवायला लागलो. एका संध्याकाळी मी तिथून जात होते. रांगेत एक आजी किटली खाली ठेवून त्या कागदाजवळ उभी. तिला वाचता येत नाही. माप घेणाऱ्या पोराला म्हणाली, "ह्ये माज्या नातीचं हाय म्हणं, वाचून दाव की." त्यानं वाचलं. रांग थांबली होती, कुणी कुरकुरलं नाही. आजीनं कागदावरच्या अक्षरावरून बोट फिरवलं आणि किटली उचलली. तेव्हापासून कागदाचं पान मी नेटच्या पानाइतकंच महत्त्वाचं मानते. मुलानं घरी जाऊन आजीला ते वाचून दाखवायचं, हा शुक्रवारचा आमचा एकमेव गृहपाठ.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुमच्याकडून होऊ नये. चौथ्या वर्षी एक मुलगी वर्षाच्या मध्यात दाखल झाली. आई सासरचा त्रास असह्य होऊन माहेरी आलेली. मी बागेत रोपं लावणाऱ्या मुलांचा फोटो टाकला, त्यात ती समोर हसत होती, मागं भिंतीवर शाळेचं नाव. कुणीतरी तो पुढं पाठवला आणि आठवड्याभरात बाप शाळेच्या दारात उभा राहिला. त्या दिवशी गावातली माणसं धावून आली म्हणून निभावलं. पोरीच्या आईनं मला शब्दानं दोष दिला नाही, पण तिचा चेहरा मी विसरलेले नाही. मी तिला विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून माझ्या पानावर कुणाही मुलाचा चेहरा नसतो. मातीनं भरलेले हात, वही, बाटलीतलं पाणी, पाठमोरी रांग, एवढंच. शाळेचं आणि गावाचं नाव नाही. मुलाचं फक्त पहिलं नाव, आणि नको असेल तर वर्गानं ठेवलेलं टोपणनाव. मोबाईलच्या फोटोत कुठं काढला त्याची नोंद दडलेली असू शकते, म्हणून कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद ठेवते. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती मागतो. कायदा नसता तरी विचारायलाच हवं होतं. जूनमध्ये मी घरोघर जाऊन पान फोनवर उघडून दाखवते, "हे असं दिसतं, हे कुणीही पाहू शकतं" असं सांगते आणि मग सही किंवा अंगठा घेते. वर्षात केव्हाही "आमचं काढा" म्हणाले तर त्याच दिवशी काढते. बाप बाहेरगावी आणि मूल आजोबांकडं असेल तर बापालाही फोनवर विचारा, नुसत्या आजोबांच्या सहीवर जाऊ नका.

ब्लॉगरवर पान मोफत निघतं आणि आपल्याला तेवढं पुरतं. आमंत्रित वाचकांपुरतं ठेवायची सोय त्यात आहे, पण मग प्रत्येकाला ईमेलनं आत यावं लागतं, आणि आपल्या आजी-आजोबांना ते जमणारं नाही. म्हणून मी ते खुलं ठेवते, शोधयंत्रात दिसू नये अशी सेटिंग करते, तरी जे टाकतो ते सगळं जग पाहतंय असंच धरून चालते. प्रतिक्रिया आधी माझ्याकडं येतील अशी व्यवस्था जरूर करा. एका वडिलांनी मुलाच्या सुंदर लिखाणाखाली "अक्षर सुधार, गाढवा" लिहिलं होतं. मी ते प्रसिद्ध केलं नाही, त्यांना फोन केला आणि त्याच्या लिखाणातलं काय आवडलं ते विचारलं. त्यांना बरंच काही आवडलं होतं. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेलं नेटवर चिटकवू नका, वाचणाऱ्याला नुसती चिन्हं दिसतात, युनिकोडच वापरा. फोटो लहान करून टाका, वस्तीवर रेंज कमी असते.

व्हॉट्सॲपचा गट हवाच, पण त्याचं काम वेगळं. सुट्टी, लसीकरण, शिष्यवृत्तीचे कागद आणि पानाचा दुवा, एवढंच तिथं. फक्त शिक्षक लिहू शकतील असा ठेवा. गुणांची यादी किंवा कुणाची तक्रार तिथं कधीच नको, ती त्या पालकाशी, एकट्याशी.

आणि सुरू करण्याआधी मुख्याध्यापकांची परवानगी आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. शिक्षण हक्क कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांना हे त्यांचं वाटलं पाहिजे. खातं स्वतःच्या ईमेलवर काढू नका, शाळेच्या काढा. माझी पहिली बदली झाली तेव्हा पान माझ्या नावावर होतं. मी नव्या शाळेत गेले आणि आधीच्या शाळेतल्या मुलांचं तीन वर्षांचं लिखाण तिथंच गोठलं. दुसऱ्या बदलीच्या वेळी येणाऱ्या सरांना बसवून सगळं दाखवलं, आणि ते पान आजही चालू आहे. मी आता त्याची वाचक आहे.

तुमच्याकडं जूनच्या मध्यात शाळा भरेल. मिरगाचा एखादा पाऊस तोवर पडून गेलेला असेल, तो हुकला तर हुकू द्या. पहिल्या आठवड्यात बाटली कापा, शून्याची खूण मुलांना करू द्या आणि ती अशा जागी ठेवा जिथं झाडाचं पाणी ठिबकणार नाही आणि शेरडं तोंड घालणार नाहीत. पावसानं महिनाभर दडी मारली तर "आज 0" असं रोज लिहा. आमच्याकडं एका जुलैत सलग तेवीस दिवस शून्य होतं, आणि त्या तेवीस शून्यांनी जेवढे फोन आणले तेवढे त्या वर्षी दुसऱ्या कशानंच आणले नाहीत.